उसवायला शिकवणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

हे सगळं समोर बसून बोलायला लागलो असतो, तर दुसऱ्याच वाक्याला तुम्ही "पुरे आता" म्हणाला असतात. म्हणून चारचौघांत लिहितोय.

घरच्या घरी शिवण शिकणाऱ्याला मदत करणारे पुष्कळ भेटतात. त्यातले बहुतेक जण स्वतःच मशीनवर बसतात, टीप मारून देतात आणि "बघ, किती सोपं आहे" म्हणत उठतात. तुम्ही एकदाही माझ्या मशीनवर बसला नाहीत. मी बिघडलेली शिवण घेऊन वर यायचो, तुम्ही चष्मा लावून ती उलटसुलट बघायचात आणि विचारायचात, "कुठल्या बाजूला बिघडलंय?"

तेव्हा वैताग यायचा, खरं सांगतो. शिवणीच्या खालच्या बाजूला धाग्याचं जाळं झालं की मी बॉबिनच्याच, म्हणजे खालच्या धाग्याच्या रिळाच्याच मागे लागायचो, कारण घोळ दिसतो तो तिथेच. तुम्ही मला वरचा धागा काढून पुन्हा ओवायला लावलात, तोही कापड दाबणारा पाय वर उचलून. पाय खाली असला की वरच्या धाग्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या राहतात. धागा त्यांच्यामध्ये नीट बसत नाही, वरून सैल सुटतो आणि खाली जाऊन गोळा होतो. आजही मशीन रुसलं की मी आधी तेवढंच करतो, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागतं.

सुयांचंही तसंच. पातळ कापडाला 11 नंबर, साध्या सुतीला 14, जीन्सला 16, हे कुठेही वाचायला मिळतं. बोथट झालेली सुई कापडात शिरताना कशी टपटप वाजते, ते मात्र तुम्ही मला ऐकायला लावलंत.

सगळ्यात मोठं ऋण बाहीचं. हात वर केला की अख्खा शर्ट वर चढायचा. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेजवळचा घेर, घट्ट असणार, म्हणून तो आणखी खोल कापायचा माझा बेत होता. तुम्ही म्हणालात, "काप की, पण जुन्या चादरीचा." चादरीचा अर्धा शर्ट टाचून अंगावर चढवला, तर तो आणखीच वर जायला लागला! मुंढा जितका खाली, तितकी बाही कमरेकडे सरकून जोडली जाते, मग हात उचलला की बाजूची शिवणच ओढली जाते. उलट मुंढा जरा वर घेतला, बाहीच्या गोलाईची उंची कमी केली, दंडावर बाही रुंद ठेवली, आणि हात मोकळा झाला. हे तुम्हाला मिनिटभरात सांगता आलं असतं. मी मान डोलावली असती आणि पुढच्या शर्टाला पुन्हा खोल मुंढाच कापला असता.

आणि उसवणं. दर चार-पाच टाक्यांवर एक टाका कापत जायचं, मग उलट बाजूचा धागा ओढला की तो सलग निघून येतो, कापडाला इजा होत नाही. माझ्या मते शिवणाच्या प्रत्येक वर्गात पहिला धडा हाच असावा. सरळ टीप काय, नंतरही जमते.

एक तक्रारही नोंदवतो. कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कात्री लावायची, हा तुमचा नियम बरोबर आहे. सुती कापड आटतं, मान्य. पण नवं कोरं कापड दोरीवर वाळत असताना नुसतं बघत बसायचं, हे अजूनही जड जातं.

कॉलरची दोन टोकं काही केल्या सारखी येत नाहीत. एक छान टोकदार, दुसरं बोथट. कोपऱ्यातली माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, छाटतो, टोकावर एक टाका आडवा घेतो, तरीही. रविवारी दोन्ही टोकं न उसवता तशीच घेऊन येतो. चादर संपत आलीय, तुमच्याकडे एखादी जुनी असेल तर काढून ठेवा.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा