वर्गणी भरू का, विचारलंस म्हणून

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन आला तेव्हा भाजीच्या गाडीवर गिऱ्हाईक होतं, नीट बोलता आलं नाही. ब्युटीशियनच्या संघटनेत दीड हजार प्रवेश फी आणि वर्षाला सहाशे भरू का, असं विचारलंस. वर म्हणालीस, "मला ना मालक ना पगार, संघटना भांडणार कुणाशी?"

अगं, अहमदाबादच्या बायकांनाही हेच ऐकावं लागलं होतं. इला भट्ट त्यांच्या 'सेवा' या संघटनेची नोंदणी करायला गेल्या तर कामगार खातं म्हणे, मालकच नाही तर युनियन कसली? शेवटी 1972 साली नोंदणी झाली. डोक्यावर ओझी वाहणाऱ्या, जुने कपडे विकणाऱ्या बायका त्या. 1974 मध्ये त्यांनी स्वतःची बँकसुद्धा काढली. मालक नसला तरी हुकूम सोडणारे कमी नसतात. माझ्यावर अतिक्रमणवाले, तुझ्यावर ते गिऱ्हाईकं देणारं ॲप.

मी संघटनेत नव्हते तेव्हा एकदा आपली हातगाडी उचलून नेली होती. दंड भरून तिसऱ्या दिवशी सोडवली, तोवर मेथी-कोथिंबीर पिवळी पडलेली. तू सातवीत होतीस, रात्री माझ्यासोबत जुड्या निवडत बसली होतीस. पुढे 2014 चा फेरीवाल्यांचा कायदा आला. नाशवंत माल जप्त केला तर आपण मागितल्यावर त्याच दिवशी परत द्यायचा, असं त्यात लिहिलंय. मला हे कोण सांगणार होतं? संघटनेने त्या कलमाची झेरॉक्स प्रत्येकीला दिली. मी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वजनांखाली ठेवते. नंतर परत एकदा गाडी उचलली तेव्हा संघटनेची दोन माणसं माझ्यासोबत आली आणि माल संध्याकाळी हातात पडला. दंड काही सुटला नाही. 2020 मध्ये फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी स्वनिधी योजनेचं दहा हजारांचं कर्ज मिळालं, तेही संघटनेच्या कार्डामुळेच. फेरीवाल्यांच्या सर्वेक्षणाच्या यादीत माझं नाव नव्हतं, शिफारसपत्रासाठी सभासद असल्याचा पुरावा चालला.

आता खर्चाचं. आमची वर्गणी किरकोळ आहे, जातो तो दिवस. मोर्चा अकराला आणि माल पहाटेच भरलेला, तो घेणार कोण? गेल्या वर्षी असे चार दिवस गेले. नाही गेलं की पुढच्या बैठकीत टोमणे. त्यात आधीच्या संघटनेचा पुढारी पावतीशिवाय पैसे गोळा करायचा, ते गेले ते गेलेच.

आणखी एक, जे तुला कधी बोलले नाही. नवरा गेलेली एक बाई पालेभाजीची टोपली घेऊन आमच्या रांगेच्या टोकाला बसायला आली. ती यादीत नाही, तिला बसू द्यायचं नाही, असं आमच्याच लोकांनी ठरवलं. रांग वाढली की सगळ्यांवरच कारवाई होईल, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी गप्प बसले. अशीच टोपली घेऊन मीही एके काळी तिथे आले होते ना. ती बाई तीन दिवस आली, चौथ्या दिवशी दिसली नाही. हा खर्च कुठल्या पावतीवर लिहीत नाहीत.

तुझ्याकडेही दर बांधण्याचा विषय निघेल. आयब्रोला अमक्याच्या खाली घ्यायचं नाही, असं ठरलं तर जुन्या बायकांचं भलं होईल, पण नव्या मुलीकडे कोण येणार? आणि तू अजून नवीच आहेस. आधी दोन बैठकांना नुसती जाऊन बस. कोण बोलतं आणि हिशोबाची वही कोणाकडे असते ते बघ. क्रीम-वॅक्स विकणाऱ्या एजंटचाच तो ग्रुप निघाला तर मुकाट्याने उठून ये. असंघटित कामगारांचं सरकारी ई-श्रम कार्ड काढून देतो म्हणून पैसे मागत असतील तर देऊ नकोस, ते फुकट निघतं. एखादीला गिऱ्हाईकाने पैसे बुडवले तेव्हा यांनी काय केलं, हे मात्र तोंडावर विचार. सांगता आलं तर सहाशे भर. दीड हजाराचं मग बघू, हप्त्याने घेतात का विचार.

आमची बैठक सोमवारी आहे. त्या बाईचा विषय काढावा असं मनात आहे. काढला तर फोनवर सांगते.

तुझी,
आई