गोळी देताना मनाचंही विचारा

महोदय,
‘माला-डी’ या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात २१ गोळ्या हार्मोनच्या, ७ लोहाच्या. हार्मोन म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल. इटलीतल्या संशोधकांनी हीच जोडी उंदरांच्या माद्यांना दिली, तेव्हा त्यांच्या मेंदूतलं ॲलोप्रेग्ननोलोन घटलं. मेंदू शांत ठेवणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाला हे द्रव्य बळ देतं. माद्या जास्त भेदरट वागू लागल्या. उंदरावरून बाईचं ठरत नाही, आणि गोळीला मी वाईट म्हणणार नाही. कितीजणींची तिनं नको त्या बाळंतपणातून सुटका केलीय! पण ‘गोळी सुरू केल्यापासून उगाच रडू येतं’ असं माझ्या औषध दुकानात, आजूबाजूला बघत सांगणाऱ्या बाईला ‘मनाचे खेळ’ म्हणून वाटेला लावू नका. डॉक्टरांनी मनःस्थिती विचारावी, त्रास असेल तर दुसरा उपाय सुचवावा.
– एक औषधविक्रेती, चिपळूण