सूचना : पॅनेलमध्ये एनर्जी मीटर बसवणाऱ्या गाळेधारकांसाठी

सर्व गाळेधारकांस नमस्कार.

कोणते मशीन किती वीज खाते हे पाहण्यासाठी बरेच जण पॅनेलमध्ये स्वतःचे एनर्जी मीटर बसवून घेत आहेत. जरूर बसवा, पण काम परवानाधारक वायरमनकडूनच आणि मेन स्विच बंद करून, टेस्टरवर न विसंबता मल्टिमीटरने तिन्ही फेज तपासून मगच.

सर्वांत मोठा धोका सीटीचा (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मोठा करंट मीटरला झेपेल इतका कमी करून देणारे उपकरण). ५ अँपिअर सेकंडरीच्या सीटीतून लोड चालू असताना एस१-एस२ च्या (सेकंडरीतून मीटरकडे जाणाऱ्या) वायरी कधीही मोकळ्या सोडू नयेत. तिथे शेकडो, प्रसंगी हजारो व्होल्ट तयार होतात. माणसाला झटका बसतो, सीटीही जळते. मीटर काढायचे असेल तर आधी शॉर्टिंग लिंक (एस१-एस२ एकमेकांना जोडणारी पट्टी) लावा. त्यासाठी शॉर्टिंगची सोय असलेला टर्मिनल ब्लॉक बसवून घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. सीटीच्या सेकंडरीत फ्यूज मात्र घालायचा नाही; तो उडाला की सर्किट उघडेच पडते.

व्होल्टेजच्या वायरींचे उलट आहे, तिथे फ्यूज हवाच. बसबारवरून (पॅनेलमधील मुख्य पट्ट्यांवरून) थेट बारीक वायर ओढलेली दिसते, ती शॉर्ट झाली तर ४१५ व्होल्टचा सगळा फॉल्ट करंट तिच्यातून जाईल. प्रत्येक फेजला टॅपिंगजवळच एचआरसी फ्यूज (मोठा फॉल्ट करंटही सुरक्षित तोडणारा) हवा, १ अँपिअरचा बहुधा पुरतो.

वीज कंपनीच्या मीटरला, त्याच्या सीटीला किंवा सीलला हात लावू नये. वीज कायदा २००३ च्या कलम १३८ खाली तो गुन्हा आहे.

नव्या जोडणीचा आराखडा काम सुरू करण्यापूर्वी कार्यालयात द्यावा.

– व्यवस्थापन समिती