वॉर्ड दुसरीच्या हाती देताना

सदाशिव पेठ, पुणे
सोमवार, रात्री

चि. मन्यास अनेक आशीर्वाद.

काल तू अर्ध्या ताटावरून उठलास आणि जिना उतरताना म्हणालास, "आई, तुला आमच्या कामातले काही कळत नाही." ते खरेच आहे, त्यामुळे मला त्याचा राग आला नाही. रविवारी दुपारी वरणभातावर तूप पडता पडता ज्याचा फोन येतो त्या रिलीजचे मला काहीही कळत नाही. मला कळतो तो जेवणाआधी रक्तदाबाच्या मशीनवर दिसलेला तुझा आकडा, १५२ आणि ९८. खरे तर तो या पत्रात काढायचाच नाही असे ठरवून मी लिहायला बसले होते.

तुझ्या कष्टांबद्दल माझी तक्रार नाही, हे आधी नीट समजून घे. दहावीच्या वर्षी मी नाइटवर असताना तू पहाटे साडेचारला उठून, स्वतःच चहा करून अभ्यासाला बसायचास; मी सकाळी घरी येई तेव्हा माझ्यासाठीही कपभर चहा झाकून ठेवलेला असायचा. तू मॅनेजर झालास त्या दिवशी मी सगळ्या इमारतीत पेढे वाटले आणि बाबांच्या फोटोपुढे दोन ठेवले. मेहनत कमी कर असे मी सांगू लागले, तर माझीच तेहतीस वर्षांची नोकरी खोटी ठरेल. अर्धांगवायूच्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. आणि रात्री तीन वाजता ती बदलली की नाही, हे पाहायला कोणी येत नसते. अशा वेळी जे केले जाते त्यालाच मी काम मानत आले आहे, आणि तुझ्यात ते आहे हे मला ठाऊक आहे.

परंतु त्याच नोकरीने मला दुसरीही एक गोष्ट शिकवली आणि ती मी तुला कधी सांगितली नाही. आमच्याकडे ड्यूटी संपली की ओव्हर द्यावी लागते. पुढच्या सिस्टरला बरोबर घेऊन एकेका खाटेपाशी थांबायचे, कोणाचे सलाइन किती उरले आहे, कोणाला लघवी कमी होते आहे, कोणाला सकाळच्या ऑपरेशनसाठी उपाशी ठेवायचे आहे ते सांगायचे, कुलपातल्या औषधांच्या बाटल्या मोजून किल्ल्या तिच्या हाती द्यायच्या आणि मगच बाहेर पडायचे. नवी असताना मी ओव्हर दिल्यावरही तासभर वॉर्डात रेंगाळत असे आणि त्याला निष्ठा समजत असे. एके दिवशी आमच्या मोठ्या सिस्टरनी मला बाजूला घेऊन विचारले, "उद्या तू आली नाहीस, तर सात नंबरच्या बाईचे काय करायचे हे कागदावर का नाही?" मला उत्तर देता आले नाही. ती माहिती मी माझ्यापाशीच ठेवली होती, कारण सात नंबरला माझ्यावाचून चालत नाही याचे मला मनातून सुख वाटत होते.

काल तू म्हणालास की ती सिस्टिम तुझ्याशिवाय कोणालाच कळत नाही. तू ते अभिमानाने सांगितलेस, आणि मला मात्र धडकी भरली. एकाच माणसाला ठाऊक असलेला वॉर्ड सुरक्षित नसतो रे, आणि तो माणूसही सुरक्षित नसतो. तू वही पाहिलीस का? नाही, तिचे शेवटी सांगते.

आणखी एक गोष्ट, जी मी बाबांनाही सांगितली नव्हती. तू बालवाडीत होतास. सिस्टर कमी होत्या, म्हणून मी संध्याकाळची ड्यूटी करून लगेच रात्रीचीही घेतली. सोळा तास होत आले असतील. बारा नंबरच्या पेशंटसाठी इन्सुलिन भरले आणि सिरिंज घेऊन एकवीस नंबरपाशी जाऊन उभी राहिले. तो गृहस्थ जागा होता. तो म्हणाला, "सिस्टर, मला साखर नाही." एवढेच. तो झोपलेला असता तर काय झाले असते, याचा विचार निवृत्तीनंतरही अधूनमधून मला झोपेतून उठवतो. त्या रात्री मी कामचुकारपणा केला नव्हता, उलट आयुष्यात सर्वांत जास्त कष्ट मी त्याच दिवशी केले होते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी, असे त्यात आढळले. तुझे तास तूच मोज. सूनबाईने सांगितलेला हिशेब मी इथे लिहीत नाही. १४०/९० च्या वरचा दाब पुन्हा पुन्हा येत राहिला, तर तो उच्च रक्तदाब धरतात. "मला काही होत नाही" या तुझ्या म्हणण्याला काहीच अर्थ नाही, कारण बहुतेकांना काही होत नसतानाच तो वाढलेला असतो. आणि ज्या रविवारी तू ताटावरून उठलास, तो रविवार नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे झगडून १८९० साली मिळवला आहे, तो असा फोनवर

पाहा, मी व्याख्यान देऊ लागले. क्षमा कर. काल तुला जेवायला बोलावून ताटाआधी हाताला पट्टा बांधला, हेही माझे चुकलेच. तू मुलगा म्हणून आला होतास आणि मी तुला पेशंट केले.

पण बाबांच्या टेबलाचा खालचा खण मी अजून रिकामा केलेला नाही. तपासणीसाठी डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी त्यात आहे, तारीख जानेवारीची. "मार्च एंड होऊ दे, मग जाऊ," असे ते म्हणाले होते, आणि मी परिचारिका असूनही ते ऐकून घेतले. त्या एप्रिलविषयी तुला काही सांगायला नको.

तुला आठवते का, माउलींची पालखी भवानी पेठेत मुक्कामी असताना आमच्या शिबिरात तू कापसाचा ट्रे धरून उभा असायचास? एका म्हाताऱ्या आजींच्या तळपायाचे फोड मी साफ करत होते आणि तू त्यांना विचारलेस की तुम्ही पुण्यात दोन दिवस का थांबता, लवकर पोचाल ना. त्या म्हणाल्या, "लेकरा, पुढं दिवेघाट हाय." थांबण्याची त्यांना जराही लाज नव्हती. त्यांच्या वाटेत मुक्काम आधीपासूनच धरलेला होता. तू नंतर घरभर पाय ओढत घाट चढण्याचा खेळ खेळलास आणि बाबा तुझ्यामागे टाळ वाजवत फिरले. मला काही वेगळे सांगायचे होते, पण आता तेच डोळ्यांसमोर येते आहे.

तुझ्या हाताखालच्या दोघांना ती सिस्टिम शिकव. एका दिवसात होणार नाही, महिना लागू दे. त्यांच्या हातून चुका होतील, तेव्हा शेजारी उभा राहा, पण किल्ल्या परत घेऊ नकोस. मग एका रविवारी फोन त्यांच्यापैकी कोणालातरी घेऊ दे आणि छकुलीला घेऊन इकडे ये. मी पट्टा बाहेर काढणार नाही, शब्द देते.

मशीन डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवले आहे, सेल नवे घातले आहेत. सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोज. त्याआधी अर्धा तास चहा नको. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बस, आणि हात छातीच्या पातळीला टेबलावर असू दे. आठव्या दिवशी आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा. मार्चची वाट पाहू नकोस. सोबतच्या वहीत मी तारखांचे रकाने आखून ठेवले आहेत. पहिल्या ओळीत कालचा आकडा माझ्या अक्षरात आहे, पुढच्या ओळी तुझ्यासाठी कोऱ्या ठेवल्या आहेत.

तुझी,
आई