अडचण इंग्रजीची नाही, पत्र लिहिण्याची आहे

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

नोकरीला लागणाऱ्या गोमंतकीय मुलांना कार्यालयीन पत्रव्यवहार जमत नाही, अशी तक्रार वेर्णा आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत वरचेवर ऐकू येते आणि त्यावरचा उपाय म्हणून बहुतेक जण इंग्रजी संभाषणाच्या वर्गांकडे बोट दाखवतात. एका कारखान्याच्या खरेदी विभागात बरीच वर्षे काढल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. या मुलांचे इंग्रजी कामापुरते ठीक असते. पत्र वाचून समोरच्याने नेमके काय करायचे आहे, हे मात्र लिहिणाऱ्याने आधी स्वतःशी ठरवलेले नसते. ते ठरलेले नसेल तर तोच मजकूर मराठीत किंवा कोकणीत लिहूनही काही फरक पडत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात पुठ्ठ्याचे खोके ओल धरून येणे नवीन नाही. अशा वेळी पुरवठादाराला जाणारी ई-मेल साधारण अशी असते: विषयाच्या जागी ‘अर्जंट’ एवढाच शब्द आणि खाली ‘आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार सदर मालाबाबत लवकरात लवकर योग्य ती कार्यवाही करावी, ही विनंती’. पुरवठादाराकडे त्याच कंपनीच्या तीन ऑर्डरी चालू असतात, बोलणे त्याच्या ड्रायव्हरशी झालेले असते आणि योग्य ती कार्यवाही म्हणजे खोके बदलायचे, बिलातून रक्कम वजा करायची की नुसते येऊन पाहून जायचे, हे त्याने ओळखायचे असते. तो फोन करतो, फोन कोणी उचलत नाही आणि इकडे पॅकिंगची लाइन उभी राहते. त्याऐवजी विषयात पर्चेस ऑर्डरचा क्रमांक घालून पहिल्याच वाक्यात ‘500 पैकी 60 खोके ओले निघाले असून ते शुक्रवारी दुपारी बारापर्यंत बदलून द्यावेत, जमणार नसल्यास गुरुवारी सकाळी कळवावे, म्हणजे आम्ही दुसरीकडून सोय करू’ असे लिहिले, सोबत फोटो जोडले आणि शेवटी आपले नाव व मोबाइल क्रमांक दिला, तर एका मेलमध्ये काम होते. त्यासाठी इंग्रजीचे पांडित्य लागत नाही.

मोघम लिहिण्याची किंमत केवळ वेळेत मोजावी लागत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 नुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या तारखेस द्यावे लागतात आणि ही मुदत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी करार नसेल तर ती 15 दिवसांचीच आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. मालाविषयी हरकत असेल तर खरेदीदाराने ती माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी कळवायची असते. तशी कळवली तर हरकत दूर झाल्याचा दिवस हा स्वीकृतीचा दिवस धरतात, एरवी माल पोचला तोच दिवस. ‘योग्य ती कार्यवाही करावी’ ही लेखी हरकत ठरते का, यावर वाद घालण्याची वेळ कोणावरही येऊ नये. उलट बाजूने पाहिले, तर थकबाकीसाठी ‘आपले जुने संबंध लक्षात घेता’ अशी आळवणी करणाऱ्या आमच्या लहान कारखानदारांना आपल्या स्मरणपत्रात बिलाचा क्रमांक, माल स्वीकारल्याची तारीख, रक्कम आणि मुदत संपण्याचा दिवस एवढेच लिहूनही भागेल. प्राप्तिकर कायद्यात 2023 साली झालेल्या दुरुस्तीमुळे मुदत ओलांडून दिलेले पैसे खरेदीदाराला प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षातच खर्चात दाखवता येतात, त्यामुळे त्या वर्षीचा कर वाढू नये म्हणून मार्चअखेरीस अशा नेमक्या पत्राची दखल त्याचा अकाउंटंट आपणहून घेतो.

नेमके लिहिले तर उद्धट वाटेल, ही भीड आपल्याकडे फार आहे, विशेषतः वयाने मोठ्या माणसाला लिहिताना. मला ती अनाठायी वाटते. ‘आदरणीय’, ‘कृपया’ आणि ‘नम्र विनंती’ जरूर असावेत, पण वाचणाऱ्याचा खरा मान त्याला तारीख आणि कारण सांगण्यात आहे. नकार द्यायचा असेल तर तोही पहिल्या दोन ओळींतच द्यावा. दीड पान वाचून शेवटच्या परिच्छेदात ‘दिलगीर आहोत’ सापडले की माणूस अधिकच दुखावतो.

मुलांनाच दोष देणेही बरोबर नाही, कारण ती आपल्या वरिष्ठांच्या फायली पाहूनच शिकतात. शाळेत औपचारिक पत्राला मायना, विषय, दिनांक आणि समारोप यांचे गुण मिळतात. पत्र वाचून काम झाले का, हे कोणी तपासत नाही. पुढे सरकारी कचेरीतून ‘आपल्या अर्जावर नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल’ असे उत्तर घरी येते, ज्यात कार्यवाही कोण करणार आणि केव्हा, याचा पत्ता नसतो आणि तेच वाक्य नमुना म्हणून खासगी कचेऱ्यांतही उतरते. खरे तर सरकारी पत्राचा उत्तम नमुना आपल्याच कायद्यात आहे. माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 7(8) प्रमाणे माहिती नाकारताना अधिकाऱ्याने अर्जदाराला नकाराची कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील कळवावा लागतो. का, केव्हापर्यंत आणि कोणाकडे, या तीन गोष्टी घरपट्टीच्या नोटिशीत, बँकेच्या पत्रात किंवा हाउसिंग सोसायटीच्या फळ्यावर आल्या, तरी खिडकीसमोरची निम्मी गर्दी ओसरेल असे मला वाटते.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडेच लिहितो. ‘ट्रक पत्रादेवी नाक्यावर पोचला’ हे कळवायला त्यासारखे साधन नाही. पण दर, प्रमाण, मुदत यांतला बदल ग्रुपवर ‘ओके सर’ म्हणून मिटवणे धोक्याचे आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 ने इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता दिलेली असली, तरी वर्षभराने तो संदेश कोणाच्या फोनमध्ये आहे आणि तो फोन कुठे आहे, हे शोधायचे कोणी? असा बदल त्याच दिवशी ई-मेलने पक्का करून घ्यावा.

जुने गोवे येथील ‘जिपार्ड’ या सरकारी प्रशिक्षण संस्थेला, आमच्या उद्योजक संघटनांना आणि वाणिज्य महाविद्यालयांना माझी सूचना अशी आहे की, पत्रलेखनाच्या प्रशिक्षणात नमुना पत्रे पाठ करून घेऊ नयेत. शिकणाऱ्याने स्वतःच्या कचेरीतून खरोखर जावक झालेले पत्र, नावे खोडून, सोबत आणावे. त्या खात्याशी काही संबंध नसलेल्या माणसाने ते एकदा वाचावे आणि आपल्याला काय करायचे आहे, केव्हापर्यंत करायचे आहे आणि अडल्यास कोणाला विचारायचे आहे, ते सांगावे. ज्या पत्रातून हे सांगता येणार नाही, ते तिथेच बसून पुन्हा लिहायला लावावे, मग ते शिपायाने लिहिलेले असो वा संचालकाच्या सहीचे.

आपला विश्वासू,
एक वाचक, फोंडा-गोवा