पाटीवरची बाई

प्रिय सुलू,

दोन महिने पत्र नाही, फोन नाही. रागावली असशील. माझी शुगर बरी आहे, गुडघे आहेत तसेच. खरं म्हणजे तुला कसं सांगावं तेच सुचत नव्हतं. आपल्या कमळला गाडीनं उडवलं. घाबरू नको, जीव वाचला. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून ओसरीपर्यंत येते.

जुन्या नाक्यावर झालं. सकाळची वेळ, कमळ झेब्रा पट्ट्यांवर होती. मी पोचले तेव्हा मेथी रस्ताभर पसरलेली आणि तिची एक चप्पल दुभाजकापलीकडे. गाडीवाला पोरगा येईल त्याला एकच सांगत होता, "म्हातारी मधीच आली हो." जमलेले मान हलवत होते. "या वयात एकटीनं निघावं कशाला?" पट्ट्यांवर होती, हे कुणी बोलेना. मी बोलले, तर एक जण म्हणाला, "आजी, तुम्ही बाजूला व्हा, तुम्हाला लागंल."

अगं, बहात्तरच्या दुष्काळात ह्याच रस्त्याच्या कामावर कमळनं खडी फोडली. संध्याकाळी सुकडी पदरात बांधून आपल्यासाठी आणायची. तू नाक मुरडायचीस आणि सगळ्यात जास्त तूच खायचीस. (नाही म्हणू नकोस, आजही कमळला विचार.) तिच्या हातानं झालेल्या रस्त्यावर ती मधीच कशी आली?

मग आमच्या ज्येष्ठ नागरिक संघानं वर्गणी काढून नाक्यावर पाटी लावायचं ठरवलं. पेंटर म्हणाला, चित्र कोणतं काढू? मी तू इंग्लंडातून, लेस्टरहून पाठवलेला तिथल्या पाटीचा फोटो दाखवला. लाल त्रिकोणात पुढं काठी टेकत वाकलेला म्हातारा, मागं त्याच्या आधारानं चालणारी वाकलेली म्हातारी. सगळ्यांना पसंत पडलं. मलाही पडलं होतं. रात्री पुन्हा बघितलं आणि झोप उडाली.

नातवानं शोधून वाचून दाखवलं. ती पाटी तिकडं १९८१ मध्ये आली, मुलांच्या स्पर्धेतल्या चित्रावरून. म्हणजे म्हातारपण काढलं लेकरांनी! आणि शाळेजवळच्या पाटीवरची मुलगी काढली मार्गारेट कॅल्व्हर्ट नावाच्या बाईनं, स्वतःचं लहानपण डोळ्यांसमोर ठेवून. त्या पाटीत मुलगी पुढं आहे, धाकट्या मुलाला हाताला धरून नेते आहे. तीच मुलगी म्हातारी झाली की दुसऱ्या पाटीत मागं कशी जाते गं? आपल्या गल्लीत बघ, म्हाताऱ्यांची औषधं, बँक, दळण, सगळं बायकाच करतात. कमळनं नवरा गेल्यावर तीन लेकरं वाढवली, कुणाचा हात धरून?

बैठकीत मी हे बोलले तर शांता म्हणाली, "वाकलोच आहोत की आता." तुझं-तिचं हळदीकुंकवाचं भांडण आठवलं, तेव्हा मी तिची बाजू घेतली होती, चुकलेच. मी म्हणाले, शांता, चित्र बघून थांबणारा वाकलेल्या माणसासाठीच थांबेल. कमळ तर ताठ चालते. तिच्यासाठी कोण ब्रेक दाबणार? आणि चित्र असं सांगतं की उशीर आपल्या पाठीमुळं होतो. एसटीत २०२२ पासून पंच्याहत्तरी झाली की तिकीट लागत नाही, पण कंडक्टर आधार कार्ड बघतो, पाठीचा बाक नाही.

उशीर रस्त्यामुळं होतो, सुलू. मी चार दिवस नाक्यावर उभी राहून मोजलं. ह्या कडेपासून त्या कडेला माझी छत्तीस पावलं. दुभाजक गुडघ्याएवढा, त्यात पाय ठेवायला फट एकच, तिथं ऊसरसाचा गाडा. कॉलेजची पोरंसुद्धा पळत जातात. तुझ्या इंग्लंडात सिग्नलचा हिशेब माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असा वर्षानुवर्षं धरत आले म्हणे, आणि पासष्टीपुढच्या बहुतेकांना तो वेग जमत नाही, हे तिकडच्याच अभ्यासात २०१२ मध्ये निघालं. सिंगापूरला २००९ पासून म्हाताऱ्या माणसानं खांबाला कार्ड लावलं की हिरवा दिवा काही सेकंद जास्त टिकतो. तिथं माणसाला सरळ करायला गेले नाहीत, दिवा थांबवला. आपल्याकडं निदान तो गाडा तरी हलवा, असा अर्ज दिलाय. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतो ना आपण, तर एक नाका होऊ दे नीट.

बंडू म्हणतो, आई, आता तू रस्ता ओलांडायचाच नाही, सांग ते मी आणून देतो. प्रेमानं म्हणतो, कळतं. पण मला मेथी निवडून घ्यायची असते, भाजीवालीशी दोन शब्द बोलायचे असतात. ते कोण आणून देणार?

तुझा पाय कसा आहे? सूनबाईंची नोकरी टिकली ना? धाकटा आता मराठी बोलतो का? थंडीत उगाच फिरू नकोस.

परवा कमळला तो फोटो दाखवला. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ह्या बाईच्या हातात पिशवी कामून नाही?" पेंटरला तसंच सांगितलंय. एकटी बाई, ताठ, हातात पिशवी. खाली अक्षरं फक्त 'हळू'. शांतानं वर्गणी दिली.

तुझ्याकडच्या सिग्नलपाशी एकदा घड्याळ घेऊन उभी राहा आणि हिरवा दिवा किती सेकंद टिकतो ते कळव. वॉकर सुटला की कमळला नाका ओलांडायचाय, आणि ती रोज मला विचारते.

तुझी,
विमल