आधी खाचर सुकवा, मग यंत्र लावा

महोदय,

भातकापणीला यंत्र घ्या, असे हल्ली सगळेच सांगतात. कोकणातल्या चिंचोळ्या खाचरात ते वळणार कसे, हे कोणी सांगत नाही. कापणीआधी ८-१० दिवस पाणी काढले नाही तर रीपरची, म्हणजे भात कापणाऱ्या यंत्राची, चाके रुततात. परतीच्या पावसाने आडव्या झालेल्या भाताला विळाच बरा. लहान कोपऱ्यात ग्रास कटरला (हातात धरून चालवायच्या गवत कापणी यंत्राला) दातेरी गोल पाते आणि भात एका बाजूला पाडणारा पत्रा लावावा. पत्र्याविना लोंब्या विखुरतात, दाणे झडतात. दाण्यात २०-२२ टक्के ओलावा असतानाच कापावे. कापणी-मळणी एकदम करणाऱ्या मोठ्या कम्बाइनने पेंढ्याचा चुरा होतो, मग गुरांना घालायचे काय? यंत्रावर अनुदान देताना हा पत्राही सोबत द्यावा.

– एक शेतकरी, संगमेश्वर